१८४ परार्ध आणि सात मूळ संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या मोठ्याने वाचून बघा. डावीकडून सुरुवात केलीत तर अडकाल. उजवीकडून बोट ठेवत यावं लागतं. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी... पाढ्यांच्या जोडीने घोकलेली ही माळ बहुतेकांची दशकोटीपाशी तुटते. ज्यांची तुटत नाही ते अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत परार्धावर पोचतात आणि तिथे सगळेच थांबतात, कारण नावं संपतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली यादीही परार्धावरच संपते. मधली दोनतीन नावं वेगळी, पण स्थानं तीच अठरा. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या संख्येत अंक आहेत वीस. तेव्हा वाचायचीच तर ती '१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज' अशी वाचावी लागेल. पुढचं सोपं आहे: ७० कोटी ९५ लाख ५१ हजार ६१५.

थोडक्यात लिहायची तर ही संख्या म्हणजे दोनाचा ६४ वा घात वजा एक. दोन हा अंक चौसष्ट वेळा मांडून गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक काढून टाकायचा.

हिची ओळख नेहमी 'बापरे, केवढी मोठी!' अशीच करून दिली जाते. मला ते पटत नाही. वीस अंकी संख्याच एकूण ९०० परार्ध आहेत. त्यांतली कुठलीही उचलली तरी ती मोठीच असणार. या संख्येचं वेगळेपण ती फोडली की दिसतं. आणि तेही असं, की फोडायला संगणक लागत नाही. कागद, पेन आणि आठवीतलं एक सूत्र पुरतं. शेवटचा एक तुकडा मात्र चिवट आहे. तो फुटायला १७३२ साल उजाडावं लागलं.

आधी पटाची गोष्ट उरकून घेऊ, कारण ती टाळली तर चुकल्यासारखं होईल. बुद्धिबळ शोधून काढणाऱ्याने राजाकडे मागितलं: पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे आपली संख्या. गव्हाचे हजार दाणे साधारण चाळीस ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत पंचवीस हजार. त्या हिशेबाने राजाने कबूल केलेला गहू सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन होतो. आज सगळं जग मिळून वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकवतं. म्हणजे आजच्या पृथ्वीचं नऊशे वर्षांचं पीक. राजाचं पुढे काय झालं याबद्दल गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपल्याला बेरजेशी मतलब.

चौसष्ट घरांची बेरीज करायला चौसष्ट आकडे मांडायची गरज नाही. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरातल्या एकाला जोडा: दोन झाले. ते दुसऱ्या घरातल्या दोनांना जोडा: चार. ते तिसऱ्या घरातल्या चारांना: आठ. प्रत्येक घरी पोचताना हातात बरोबर त्या घराइतकेच दाणे असतात, म्हणून प्रत्येक घरी दुप्पट होते. चौसष्टावं घर ओलांडलं की हातात दोनाचा ६४ वा घात. आता शेजाऱ्याचा दाणा परत करा. तो 'वजा एक' तिथून आला.

पण दोनाचा ६४ वा घात तरी काढायचा कसा? एकेक दुप्पट करत गेलं तर त्रेसष्ट पायऱ्या. इसवी सन १००० च्या आसपास अल्-बिरुनीने हाच पटाचा हिशेब मांडताना वर्गाची वाट धरली होती, आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्याकडे पिंगलाने ती छंदशास्त्रात सांगून ठेवली होती. छंदशास्त्रात गणित कशाला, असं वाटेल. पण वृत्तातलं प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणजे दोनच पर्याय. तीन अक्षरांचे आठ गण. 'यमाताराजभानसलगं' म्हणत आपण तेच पाठ करतो. मंदाक्रांतेसारखी सतरा अक्षरांची ओळ घेतली तर लघुगुरूंच्या १,३१,०७२ रचना शक्य. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांना ५,२४,२८८. त्यांतली एकेकच रचना त्या वृत्ताची. म्हणजे दोनाचे घात काढणं हे छंदशास्त्राचं रोजचं काम होतं.

पिंगलाची रीत अशी: घातांक सम असेल तर अर्धा करा, विषम असेल तर एक वजा करा, असं शून्यापर्यंत उतरा, मग उलटं चढताना जिथे एक वजा केला तिथे दुप्पट करा, जिथे अर्धा केला तिथे वर्ग करा. ६४ ला हे लावा. ६४, ३२, १६, ८, ४, २, १: सहा वेळा अर्धं, मग एक वजा. परत चढताना एकदा दुप्पट आणि सहा वर्ग:

२, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

शेवटचा वर्ग हाताने करायला अर्धा तास लागतो. मी केला आहे, पहिल्यांदा चुकलो होतो. पण ही सात संख्यांची शिडी लक्षात ठेवा, कारण संख्या फोडताना याच शिडीवरून खाली यायचं आहे.

आठवीतलं सूत्र: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची वजाबाकी गुणिले त्यांची बेरीज. शंभराचा वर्ग वजा एकाचा वर्ग म्हणजे ९९ गुणिले १०१, म्हणजे ९,९९९. आपली संख्या आहे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा एक, आणि एक हा स्वतःचाच वर्ग. म्हणून ती लगेच दुभंगते: ४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७.

यातला पहिला तुकडा पुन्हा तसाच: ६५,५३६ चा वर्ग वजा एक. तो ६५,५३५ × ६५,५३७ असा फुटतो. ६५,५३५ म्हणजे २५६ चा वर्ग वजा एक: २५५ × २५७. पुढे २५५ म्हणजे १५ × १७, १५ म्हणजे ३ × ५, आणि ३ म्हणजे १ × ३. शिडी संपली. हाती आलं ते असं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

शिडीच्या पहिल्या सहापैकी प्रत्येक पायरीत एक मिळवला की यातला एकेक अवयव मिळतो. ३, ५, १७ या मूळ संख्या आहेत हे दिसतंच. २५७ मूळ आहे हे १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून मिनिटभरात कळतं. ६५,५३७ ला थोडा जास्त वेळ लागतो, पण तीही मूळ आहे. मग सहावी?

फ्रान्समधल्या तुलूझचा वकील पिएर द फर्मा याने १६४० मध्ये हाच प्रश्न स्वतःला विचारला. पहिल्या पाच मूळ निघाल्या, तेव्हा सहावीही असणार, सातवीही असणार, सगळ्याच असणार असं त्याचं मत झालं. सिद्ध करता येत नाही हे त्याने कबूल केलं होतं, पण खात्री ठाम होती. आज या संख्यांना त्याचंच नाव आहे: फर्मा संख्या. चुकीच्या अंदाजाबद्दल एखाद्याचं नाव कायमचं लागावं, असं गणितात क्वचित होतं.

नव्वद वर्षं त्या अंदाजाला कुणी हात लावला नाही. १७२९ च्या डिसेंबरात क्रिस्टियान गोल्डबाख यांनी सेंट पीटर्सबर्गमधल्या तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्रातून विचारलं, फर्माचं हे निरीक्षण तुमच्या कानावर आहे का? ऑयलरला आधी फारसा रस नव्हता. १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने उत्तर दिलं:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

गुणाकार तपासायला दोन मिनिटं लागतात. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणा, मग ४१ ने गुणा, बेरीज करा. हा अवयव नव्वद वर्षं का सापडला नव्हता, हे त्याहून अवघड कोडं आहे. एकेका मूळ संख्येने भागत गेलं तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. चिकाटीचा माणूस दोन दिवसांत तिथे पोचला असता. ऑयलरला एवढेही भागाकार करायची गरज नव्हती, कारण बहुतेक उमेदवार न भागताच बाद करता येतात. ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

दोनाचे घात घ्या आणि प्रत्येकाला ७ ने भागून बाकी लिहा. १, २, ४, १, २, ४... तीन पायऱ्यांचं चक्र. ५ ने भागून बघा: १, २, ४, ३, १, २, ४, ३... चार पायऱ्यांचं. १७ ने: १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि पुन्हा १, आठ पायऱ्यांचं. कुठलीही विषम मूळ संख्या घेतली तरी असं चक्र फिरतंच, आणि त्याची लांबी त्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येला नेहमी निःशेष भागते: ३ ने ६ ला भाग जातो, ४ ने ४ ला, ८ ने १६ ला.

आता एखादी मूळ संख्या सहाव्या फर्मा संख्येला भागत असेल तर काय होईल? दोनाचा ३२ वा घात अधिक एक याला भाग जातो, म्हणजे दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी 'उणे एक' (पूर्ण भाग जायला एक कमी). त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी 'एक'. म्हणजे चक्र ६४ पायऱ्यांना पूर्ण होतं आणि ३२ ला होत नाही. ६४ चे विभाजक १, २, ४, ८, १६, ३२, ६४ एवढेच. ६४ सोडला तर बाकीचे सगळे ३२ ला भागतात. तेव्हा चक्राची लांबी नेमकी ६४ च. आणि ती लांबी 'मूळ संख्या वजा एक' ला भागते. म्हणून उमेदवार फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणारे: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि काम फत्ते.

'चक्राची लांबी मूळ संख्या वजा एक याला भागते' हा नियम फर्माचाच. तोही १६४० मधलाच, पत्रातून कळवलेला. म्हणजे स्वतःचा अंदाज मोडणारं हत्यार त्याच्याच हातात होतं आणि त्याने ते या संख्येवर चालवलं नाही, किंवा चालवलं आणि कुठेतरी भागाकार चुकला. दुसरी शक्यता मला जास्त माणसासारखी वाटते.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं. ही युक्ती ऑयलरची नव्हे, नंतरच्या गणितींची. पण इतकी सुटसुटीत आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ × १२८, म्हणजेच पाच गुणिले दोनाचा सातवा घात. तसंच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६; ६२५ हा पाचाचा चौथा घात, १६ हा दोनाचा चौथा घात. आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच्याच भाषेत बोलू. ६४० ची बाकी 'उणे एक'. चौथा घात घ्या: ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात, बाकी 'एक', कारण उणे एक चारदा गुणला की एक. पण ६२५ ऐवजी 'उणे १६' लिहिलं तरी बाकी तीच राहते. म्हणजे उणे १६ गुणिले दोनाचा २८ वा घात, म्हणजेच उणे दोनाचा ३२ वा घात, याची बाकी एक. मग दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी उणे एक, आणि त्यात एक मिळवला की शून्य. भाग गेला. एवढी मोठी संख्या कुठेच लिहावी लागली नाही.

पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने नियम आणखी घट्ट केला: उमेदवार ६४ च्या पटीत नव्हे, १२८ च्या पटीत एक मिळवूनच येतात. आता यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. त्यातही २५७ आपोआप बाद होतो (का, ते लगेच सांगतो). म्हणजे पहिला खरा उमेदवारच ६४१! या नियमाने उरलेला तुकडाही तपासता येतो. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. तिथपर्यंत १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९, एवढ्याच. पाच भागाकार करा. बाकी येते १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य कुठेच नाही, म्हणजे तीही मूळ.

तर संपूर्ण फोड अशी:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ संख्या, एकही दोनदा नाही. प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची असे दोन पर्याय, म्हणून या संख्येचे विभाजक १२८. पुन्हा दोनाचाच घात, सातवा. आणि चक्रांच्या लांब्या पाहा: ३ चं चक्र २ पायऱ्यांचं, ५ चं ४, १७ चं ८, २५७ चं १६, ६५,५३७ चं ३२, ६४१ आणि ६७,००,४१७ यांचं ६४. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक आणि सर्वांत वरच्या पायरीवर दोन. सातने भाग का जात नाही, याचंही उत्तर इथेच आहे: ७ चं चक्र तीनाचं, आणि ६४ ला तीनाने भाग जात नाही.

२५७ बाद कसा झाला? वरची फोड उलटी वाचा. पहिल्या सहा फर्मा संख्यांचा गुणाकार म्हणजे आपली संख्या, आणि सातवी फर्मा संख्या म्हणजे आपल्या संख्येत दोन मिळवून येणारी. हे प्रत्येक पायरीला खरं आहे: ३ × ५ हा १७ पेक्षा दोनाने कमी, ३ × ५ × १७ हा २५७ पेक्षा दोनाने कमी. आता दोन फर्मा संख्यांना सामाईक विभाजक असेल तर त्याने मोठीलाही भाग जाणार आणि मोठी वजा दोन हिलाही, म्हणजे दोनालाही. पण सगळ्या फर्मा संख्या विषम. म्हणून त्यांचा मसावि नेहमी १. २५७ ही स्वतः फर्मा संख्या असल्याने तिने दुसऱ्या कुठल्याही फर्मा संख्येला भाग जाणार नाही. यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. फर्मा संख्या अनंत आहेत, प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, म्हणून मूळ संख्याही अनंत. हे गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलरला पत्रात लिहिलं.

पहिल्या पाच फर्मा संख्यांची कीर्ती भूमितीतही आहे. १७९६ मध्ये, एकोणीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी असताना, जर्मन गणिती गाउसने दाखवलं की फक्त पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. युक्लिडनंतर दोन हजार वर्षांत त्या यादीत भर पडली नव्हती. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकारच असायला हवी, असा तो नियम. बाकीच्या विषम संख्यांना अशी रचना जमत नाही, हे फ्रेंच गणिती व्हान्त्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच आहेत, त्यामुळे असे विषम बाजूंचे बहुभुज आजवर ३१ माहीत आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या बाजू ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे आपली संख्या पहिल्यांदा फोडली तेव्हाचा डावा तुकडा. योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढण्यात दहा वर्षं घालवली. ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलेलं आहे.

शाळेत पास्कलचा म्हणून शिकवला जाणारा त्रिकोण, म्हणजे आपला मेरुप्रस्तार, मांडा: १, १ १, १ २ १, १ ३ ३ १. विषम अंकाच्या जागी १ आणि सम अंकाच्या जागी ० लिहा: १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११... या ओळी द्विमान पद्धतीत वाचल्या तर १, ३, ५, १५, १७, ५१. एक सोडला तर गाउसचेच बहुभुज, तेही चढत्या क्रमाने! शिखराला शून्यावी ओळ धरलं तर ३१ व्या ओळीवर ती यादी संपते. ३२ वी ओळ म्हणजे ऑयलरने फोडलेली संख्या. आणि ६३ व्या ओळीत चौसष्टच्या चौसष्ट अंक विषम: ती ओळ म्हणजे आपली संख्या.

चौसष्ट एक. संगणकात ती याच रूपात राहते. ६४ बिटांच्या प्रोसेसरला चिन्हाशिवाय एका दमात मांडता येणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. तिच्यात एक मिळवला की स्कूटरच्या किलोमीटर काट्यासारखे सगळे अंक पालटून शून्य होतात. म्हणूनच चिन्हासकट मोजायचं असेल तेव्हा हेच चौसष्ट एक 'उणे एक' म्हणून वाचले जातात. ज्यात एक मिळवल्यावर शून्य येतं ते उणे एकच. गंमत म्हणून ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाइप करून बघा. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, शेवटच्या पाचांची शून्यं होतात. आणि आपला अवयव ६५,५३७ तुम्ही रोज वापरता: सुरक्षित संकेतस्थळांच्या आरएसए नावाच्या सांकेतिक कुलपात जाहीर किल्लीचा घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी तोच असतो. द्विमानात तो १, मग पंधरा शून्यं, मग १. एवढे कमी 'एक' असले की घात झटपट निघतो, पिंगलाच्याच रीतीने.

वर आलेला ल्युका या संख्येच्या आणखी एका गोष्टीत आहे. १८८३ मध्ये त्याने 'क्लाऊस' या टोपणनावाने (अक्षरं उलटसुलट केलेलं स्वतःचंच आडनाव) हनोईच्या मनोऱ्याचं कोडं बाजारात आणलं. तीन खांब, लहानमोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. एक चकती असेल तर एक चाल. दर चकतीमागे आधीच्या चाली दुप्पट अधिक एक: १, ३, ७, १५. चौसष्ट चकत्यांना नेमकी आपली संख्या. मग १८८४ मध्ये आंरी द पारव्हिल यांनी छापलेल्या कथेत हा मनोरा काशीच्या देवळात गेला: चौसष्ट सोन्याच्या चकत्या, रात्रंदिवस हलवणारे पुजारी, काम संपेल तेव्हा जगाचा अंत. काशीला कुणाला विचारायला जाऊ नका. देऊळ पॅरिसमध्येच बांधलेलं आहे. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८ हजार ४५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे सुमारे १,३८० कोटी.

शेवटी शेजारपाजार. आपली संख्या इतक्या सहज फुटली ती मोठी किंवा लहान असल्यामुळे नव्हे, तर ६४ हा आकडा पुनःपुन्हा अर्धा होतो म्हणून. ६१ वा घात वजा एक घ्या: २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१. आपल्यापेक्षा जेमतेम आठपट लहान, पण ही फुटतच नाही. ती मूळ आहे हे रशियातल्या इव्हान पेर्वुशिन या धर्मगुरूने १८८३ मध्ये दाखवलं. ६७ वा घात वजा एक ही संख्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये मूळ म्हणून जाहीर केली होती. ती मूळ नाही हे ल्युकाने १८७६ मध्ये अवयव न सांगताच दाखवलं, आणि अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. आपल्या संख्येच्या सर्वांत जवळची खालची मूळ संख्या ५८ ने मागे आहे, वरची १४ ने पुढे.

आणि दोनाने पुढे सातवी फर्मा संख्या. तिच्यासाठी ल्युकाचा नियम २५६ च्या पटीत एक मिळवायला सांगतो. ऑयलरचा ६४१ पाचव्या पटीला सापडला होता. इथला विभाजक २,७४,१७७ सापडतो १,०७१ व्या पटीला. क्लाउसेनने तो १८५५ मध्ये गाउसला पत्रातून कळवला होता, पण ते पत्र पडून राहिलं. १८८० मध्ये फोर्त्युने लांद्री यांनी तो स्वतंत्रपणे शोधला, वयाच्या ८२ व्या वर्षी. दुसरा अवयव ६,७२,८०,४२,१३,१०,७२१.

त्यानंतर जेवढ्या फर्मा संख्या तपासून झाल्या तेवढ्या सगळ्या संयुक्तच निघाल्या. दोनाचा घात असलेला घातांक दर पायरीला दुप्पट होतो. तो दोनाच्या ३२ व्या घाताइतका होईपर्यंतचा निकाल लागलेला आहे. पुढची संख्या लिहायलाच २५८ कोटींहून जास्त अंक लागतात, आणि ती मूळ की संयुक्त हे ठरलेलं नाही. तिचे उमेदवार ३४,३५,९७,३८,३६८ च्या पटीत एक मिळवून येतात. त्यांतला पहिला, ३४,३५,९७,३८,३६९, तुम्हीही तपासू शकता: अंकांची बेरीज ६०, तीनाने भाग जातो, बाद.